शेजारची इंदू

सन १९५४, माघातला एक रविवार, संध्याकाळचे चार. स्थळ: मुलुंड, आमच्या इमारतीचा पहिला मजला, खानोलकरांची बाहेरची खोली. हजर, मुलाकडून: मुलगा मधुकर, त्याचे वडील आणि त्याच्या बोरिवलीच्या आत्याबाई. मुलीकडून: माई खानोलकर, त्यांचे एक चुलत दीर आणि पोहे घेऊन यायची होती ती धाकटी शशी. शेजारातून: तळमजल्याच्या टिपणीसबाई आणि मी, कारण माई विधवा आणि घरात बाईमाणूस अगदीच कमी दिसू नये. शिवाय खिडकीजवळ रबराचं झाड, कुंडीसकट, पानं पुसून लखलखीत.

गैरहजर: इंदू, शशीची थोरली बहीण. ती त्या वेळी बरोबर आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होती.

मला कामं मांडून करायची सवय आहे. कोण आलं, कोणी काय आणलं, काय राहिलं, हे लिहून काढल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळे इमारतीतलं कुठलंही कार्य निघालं की लोक माझ्याकडे येत. पण इंदूबद्दल लिहायला बसले की ही सवय उपयोगी पडत नाही. ती कुठल्या रकान्यात घालावी हेच आम्हाला कधी कळलं नाही.

तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं होतं, कोल्हापूरकडे. दीड-दोन वर्षांत ती परत आली. 'नवरा नांदवत नाही' एवढंच माईंनी सांगितलं आणि आम्हीही तेवढ्यावर थांबलो. त्याचा दुसरा संसार होता म्हणे. मी तिला ओळखायला लागले तेव्हा ती तिशीला आलेली, उंच, सावळी, गळ्यात एक बारीक मंगळसूत्र. फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होती आणि तिच्या पगारावर ते घर चाले. बोलायची थोडं, आणि जे बोलायची त्याला बहुधा कडेला धार असे.

झाड तिला ऑफिसातच मिळालं. साहेबाच्या केबिनबाहेर शोभेला ठेवलेलं होतं. येणारे-जाणारे कारकून कपातला उरलेला चहा त्यात ओतत, साखरेसकट. मुंग्या झाल्या, माती आंबली, पानं गळाली. शेवटी साहेबानं ते फेकून द्यायला सांगितलं. शिपाई टाकायला निघाला तेव्हा इंदूनं ते मागून घेतलं आणि हमाल करून घरी आणलं. आणलं तेव्हा वीतभर काळा दांडा आणि टोकाला दोन लोंबती पानं, एवढंच होतं.

"मेलेलां झाड घरात कित्याक हाडलंस गो?" माईंनी दारातच विचारलं.

"मेलेलं नाही माई, बुडालंय," इंदू म्हणाली.

मोरीत बसून तिनं मुळं धुतली. जी काळी आणि लिबलिबीत होती ती कापली, कापल्या जागी चुलीतली राख लावली. नव्या कुंडीच्या भोकावर खापर, त्यावर विटांचे तुकडे, मग माती, वाळू आणि जुनं शेणखत. कुंडी आधीच्यापेक्षा लहान घेतली. मी म्हटलं, "मोठी घे की, वाढेल." ती म्हणाली, "वहिनी, आजारी माणसाला जेवणावळीचं ताट वाढून काय उपयोग? मुळं थोडी आहेत. माती जास्त झाली तर नुसती ओली राहील." मग कितीतरी दिवस तिनं त्याला पाण्याचा थेंब दिला नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मातीत बोट खुपसायची, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि बोट बघायची. ओलं आलं तर गप्प निघून जायची. उन्हाळ्याच्या तोंडाला टोकाला लाल सुरळी आली आणि ती उलगडून हातभर लांब पान झालं, तेव्हा माईसुद्धा वाकून बघायला लागल्या.

'बोट काय म्हणतंय?' हा तिचा ठरलेला प्रश्न. टिपणीसबाईंनी एकदा स्वतःची सुकलेली शेवंती आणून दाखवली तर त्यांनाही तोच. टिपणीसबाई म्हणाल्या, "माझं बोट काय म्हणणार गं? भांडी घासून घासून मुकं झालंय ते." त्यावर दोघी हसल्या. इंदूला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

पहिल्या वर्षी कुंडी गॅलरीत होती. तिथं ती पुन्हा बिघडली. खालची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली. इंदू पाणी मोजून घालणारी, तरी माती चिखल. एका रविवारी ती दाराच्या फटीतून बघत बसली. आमच्या त्या गॅलरीतून जिन्याकडे जायची वाट. देवपूजा झाली की पूजेचं पाणी मोरीत ओतायचं नाही, पायाखाली जातं. ते झाडाला घालायचं. तुळस खाली अंगणात, आणि रबराचं झाड दारात. तेव्हा पहिल्या मजल्यावरची झाडून सगळी घरं देवाचं पाणी तिच्या कुंडीत ओतून मोकळी होत होती. त्यात मीही, वरच्या मजल्यावरून उतरून. प्रत्येकीला वाटे आपलंच काय ते एक भांडं.

दुसरी असती तर भांडली असती. इंदूनं पुढच्या रविवारी एक फुटकी बादली आणली, तिच्यात अळू लावलं आणि ती बादली जिन्याच्या तोंडाशी ठेवली. स्वतःची कुंडी उचलून आत खिडकीशी नेली. अळवाला कितीही पाणी घाला, ते नाही म्हणत नाही. श्रावणापर्यंत बादली अशी माजली की जो तो पानं मागू लागला. टिपणीसबाई भर जिन्यात ओरडल्या, "अगं बायांनो, पुण्य तुमचं आणि फदफदं माझ्या ताटात!" आमचा कोणाचा अपमान न होता झाड वाचलं. ही तिची रीत होती. समोरच्याची चूक त्याला न दाखवता ती वाट तेवढी वळवायची.

पुढे मला वाटू लागलं की स्वतःच्या बाबतीतही ती हेच करत आली.

आता आमच्या इमारतीची एक पद्धत सांगायला हवी. मुलगी दाखवायची असली की ते एका घराचं काम नसे. कप-बश्या टिपणीसांच्या, वेताच्या खुर्च्या समोरच्या घरातून, टेबलावरची विणलेली चादर माझी. इंदूचं झाड मोठं झालं तसं तेही या सामानात आलं. बंगल्यात असतं तसं झाड खोलीत असलं की पाहुण्यांवर छाप पडते, असं सगळ्यांचं मत. एकदा टिपणीसबाईंच्या भाचीला बघायला यायचे होते तेव्हा कुंडी खाली नेली. कोणीतरी पानं चकाकावीत म्हणून त्यांना खोबरेल तेल चोळलं. पानं आरशासारखी झाली खरी. पण झाड परत वर आलं ते तेलावर धुळीचा थर घेऊन, आणि आठवड्यात सात-आठ पानं गळाली.

इंदूनं कोमट पाण्यात जरासा साबण कालवून एकेक पान पुसलं. डावा हात पानाखाली धरायची, लहान मुलाचं तोंड पुसताना हनुवटी धरतात तसा. पुसताना म्हणाली, "तेलानं त्याचं नाक बंद होतं. आणि याला जागा बदललेली सोसत नाही. उजेड बदलला की पानं टाकतं. यापुढे झाड कुठे जाणार नाही. ज्यांना हवं त्यांनी मुलगी इथं आणून दाखवा."

आणि तसं झालं खरं. पुढची दोन-तीन वर्षं इमारतीतल्या मुली खानोलकरांच्या खोलीत, त्या झाडाशेजारी बसून दाखवल्या गेल्या. पाहुणे यायच्या आधी इंदू पानं पुसायची, भरदार बाजू खुर्च्यांकडे येईल अशी कुंडी जराशी फिरवायची, बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायची. मग विणकामाची पिशवी घेऊन वर माझ्याकडे येऊन बसायची. नवऱ्यानं टाकलेली बाई अशा वेळी समोर नको, हे तिला कोणी कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं. मी तिला चहा द्यायचे आणि आम्ही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायचो. खालून पाहुण्यांच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला की ती म्हणायची, "झालं वाटतं," आणि उठायची.

शशीच्या वेळीही ती तशीच वर आली. फरक एवढाच की त्या दिवशी तिनं विणकाम आणलं नव्हतं. म्हणाली, "हाताला काहीतरी काम द्या वहिनी," म्हणून मी मटार पुढे ठेवले.

मुलाकडच्यांना माईंनी आधीच कळवलं होतं की थोरली मुलगी नागपूरला दिली आहे. नागपूर का, तर लांब, आणि त्या लोकांचं तिकडे कोणी नाही. माईंना मी दोष देत नाही. थोरली परत आलेली आहे हे कळल्यावर शशीची आधीची दोन स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा निरोप एकच आला: एक परत येते म्हणजे घराण्यात काहीतरी असणार. शशी तेवीस पूर्ण करून बसली होती.

तर त्या रविवारी पोहे झाले, नाव विचारून झालं, शिवणकाम दाखवून झालं. मुलाचे वडील गप्प गृहस्थ. बोलत होत्या त्या आत्याबाई. गोऱ्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या, मोकळ्या मनाच्या. त्यांची नजर झाडावर गेली आणि मुलगी बाजूलाच राहिली.

"अगं बाई, हे असं असतं होय हे झाड! माझ्याकडेही आहे. पण त्याची दशा बघवत नाही. कडा तपकिरी, आणि पानांच्या बगलेत पांढरं कापसासारखं काहीतरी. काय करावं गं मुली?"

शशीनं माईंकडे पाहिलं. "मी... मी फक्त पुसते कधीकधी."

"मग बघतं कोण?"

टिपणीसबाई पदराशी चाळा करू लागल्या. माई म्हणाल्या, "शेजारीण आहे एक. तिला कळतं त्यातलं."

"मग बोलवा की तिला! मी एवढी बोरिवलीहून आल्ये, पुन्हा कधी येणं व्हायचं?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. उठले ती मीच.

वर इंदू शेंगा संपवून टरफलं गोळा करत होती. मी दारातूनच सांगितलं, झाडाचं विचारायला बोलावतायत. ती थांबली. "कोण म्हणून?"

मी म्हटलं, "शेजारीण म्हणून."

तिनं हात धुतले, पदर नीट केला. "चला तर. शेजाऱ्यांकडे जायचं म्हणजे जरा बरं दिसायला हवं."

ती खाली आली तेव्हा माई उठून उभ्या राहिल्या. स्वतःच्या मुलीला म्हणाल्या, "या, या इंदूबाई. बसा." ती बसली ती खुर्चीच्या अगदी कडेला, परक्या घरात बसावं तशी. शशी तिच्यासाठी पोह्यांची बशी घेऊन आली. बशी पुढे करताना चमचा खाली पडला. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "लाजतेय पोर."

मग इंदूनं विचारायला सुरुवात केली. झाड कुठं असतं? पश्चिमेच्या खिडकीत? मग दुपारचं ऊन सरळ पडत असेल, कडा त्यानं करपतात. जरा आत घ्या, उजेड मिळू दे, ऊन नको. पाणी किती? रोज? रोज नको, बोट घालून बघा, वरची दोन पेरं सुकल्याशिवाय घालू नका. बशीत पाणी साचू देऊ नका. ते कापसासारखं आहे ती कीड आहे. रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक जागा पुसून काढा, पानाच्या मागूनही. चार-पाच दिवसांनी पुन्हा, कारण अंडी उरतात. तोवर दुसऱ्या कुंड्यांपासून दूर ठेवा.

"दूर ठेवायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो. नाहीतर बाकीच्यांना लागते," इंदू म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आत्याबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिची चौकशीच मांडली. "तुमचे मिस्टर काय करतात हो?"

टिपणीसबाई पटकन म्हणाल्या, "फिरतीवर असतात ते."

"हो," इंदू म्हणाली, "बरीच वर्षं."

तिनं पोहे संपवले, बशी खाली ठेवली, "येते हं माई" म्हणाली आणि स्वतःच्या घरातून बाहेर पडली. त्या खोलीत तिला ओळखणारे आम्ही किती जण होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. पुढे कितीदा तरी मनात आलं की मी तेव्हा नुसतं 'इंदू, बस गं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण त्या वेळी शशीचा चेहरा समोर होता, आणि खरं सांगायचं तर माझी विणलेली चादरही. कार्य नीट पार पडावं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

होकार तिसऱ्या दिवशी आला. आत्याबाईंनी निरोपात मुद्दाम सांगितलं होतं: मुलगी चांगलीच आहे, पण आम्हाला शेजार आवडला. असा शेजार राखणारं घर चांगलंच असणार.

शशी त्या दिवशी जेवली नाही. माझ्यासमोरच ती इंदूला म्हणाली, "ताई, मी त्यांना सांगणार. सगळं सांगणार. मला नको असलं लग्न."

"शहाणी आहेस. सांग. पण लग्न होऊ दे, सहा महिने जाऊ दे, तुझं पाऊल घट्ट होऊ दे. मग सांग."

"आणि तोवर तू कोण?"

"तोवर मी पहिल्या मजल्यावरची."

"ताई, चेष्टा नको."

"मग रडू?" इंदू म्हणाली.

लग्न वैशाखात झालं. आता नागपूरची थोरली लग्नाला का आली नाही, याचं उत्तर हवं होतं. माईंनी घाबरून जे पहिलं सुचलं ते सांगितलं: तिला दिवस गेलेत, आठवा आहे, प्रवास नको म्हणाले. ते ऐकून मुलाकडच्या बायका आनंदल्या. माईंना वाटलं, सुटलो.

कार्यालयात इंदू पहाटेपासून राबत होती. फुलं, विड्याची तबकं, पाहुण्यांची अंथरुणं. मी कामं वाटून दिली होती आणि तिचं नाव शेजारच्यांत होतं. दुसरीकडे कुठे घालणार? थोरल्या बहिणीनं ओवाळायचं ते टिपणीसबाईंनी ओवाळलं. अक्षता टाकताना इंदू मागच्या रांगेत आमच्याबरोबर उभी होती. पाठवणीच्या वेळी शशी माईंच्या गळ्यात पडली, मग इंदूच्या, आणि सुटेचना. मधुकरचा कोणी मित्र हसून म्हणाला, "वहिनी, शेजारणीवर एवढा जीव? आम्हालाही जरा ठेवा!" सगळे हसले. इंदूनं शशीचे हात सोडवले आणि तिचा शालू खांद्यावर सारखा करून दिला.

श्रावणात आत्याबाई मुलुंडला आल्या. त्यांचं झाड इंदूच्या उपायानं सुधारलं होतं, तरी त्यांना या झाडाचीच जात हवी होती, पान मोठं म्हणून. इंदूनं जूनमध्येच त्यांच्यासाठी एका फांदीवर गुटी बांधून ठेवली होती. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथं ओली माती आणि नारळाचा काथ्या लावायचा, वरून गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळायचं, आणि ते सुकू द्यायचं नाही. झाडाला लागलेलं असतानाच फांदीला मुळं फुटतात. मग खालून कापून वेगळी लावायची. त्या दिवशी ती गुटी कापत होती. मी कुंडी धरून बसले होते, माई चहा करत होत्या.

आत्याबाईंनी सहज आत हाक मारली, "विहीणबाई, नागपूरची मोकळी झाली की नाही अजून? दिवस कधीच भरले असतील."

आत कप वाजला फक्त.

इंदूनं फांदी कापली होती. कापल्या जागेतून पांढरा चीक भळभळून तिच्या बोटांवर आला. तिनं चिमूटभर राख घेतली, जखमेवर दाबली आणि मान वर न करता म्हणाली, "झाली की. मुलगी. दोघी सुखरूप आहेत."

"अरे वा! तुम्हाला आधी कळलं वाटतं!"

"शेजारी ना. पत्र आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं माईंना."

"लक्ष्मी आली हो! नाव काय ठेवलं?"

इंदू सुतळी गुंडाळत होती. ती एवढ्या वेळात कधी अडखळली नव्हती, ती आता थांबली. "नाव अजून ठेवलेलं नाही," असं म्हणाली आणि हात धुवायला मोरीत गेली. चीक लवकर निघत नाही. ती बराच वेळ आत होती.

आत्याबाई गेल्यावर माई तिच्या पायाशी बसून रडल्या. "माका क्षमा कर गो बाय." इंदूनं त्यांना उठवलं. "माई, चहा गार झाला," एवढंच ती म्हणाली.

दिवाळी जवळ आली तशी नवी अडचण उभी राहिली. दिवाळसणाला जावई चार दिवस राहायला येणार. घर दोन खोल्यांचं. शेजारणीची कपड्यांची ट्रंक, शेजारणीचं अंथरूण, शेजारणीची औषधाची बाटली या घरात कशी? मी म्हटलं, चार दिवस माझ्याकडे राहा. ती म्हणाली, "चार दिवसांनी संपणार आहे का हे? पुढे मंगळागौर आहे, डोहाळजेवण आहे, बारसं आहे." एका संध्याकाळी ऑफिसातून आली आणि शांतपणे सांगितलं की कंपनीच्या नागपूर शाखेत टायपिस्टची जागा होती, तिथं बदली मागून घेतली.

टिपणीसबाई रागावल्या. "वेडी का काय तू? तिथं कोण आहे तुझं?"

"माईंनी मला नागपूरला दिलंय ना," ती म्हणाली. "मग सासरी नको जायला?"

आम्हा दोघींना हसू आलं नाही.

ती गेली त्या सकाळी मी खाली उतरले तेव्हा टांगा उभा होता. एक ट्रंक, एक वळकटी. माई दारापर्यंत आल्या, पुढे आल्या नाहीत. शेजारीण जाताना आई टांग्यापर्यंत कशाला येईल, असा विचार त्यांच्या मनात आला की काय, देव जाणे. आता इमारतीत त्यांना बघणारं बाहेरचं कोणी नव्हतं. इतक्या महिन्यांत ते वागणं अंगवळणीच पडलं होतं. इंदू चढून बसली. टांगेवाल्यानं लगाम ओढला, घोडा दोन पावलं गेला, तोच ती मागे वळून मोठ्यानं ओरडली, "वहिनी, बशीतलं पाणी! ओतायचं राहिलंय, तेवढं ओतून टाका!"

मी वर गेले आणि ओतलं. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. झाड खिडकीशीच आहे, हलवलेलं नाही. नवीन पान आलं की मी तिला कळवते आणि ती उलट टपाली विचारते, बोट काय म्हणतंय. शशीला आता मुलगा झाला. 'सांगते, सांगते' म्हणत तिनं अजून सांगितलेलं नाही, आणि तिला कोणत्या तोंडानं विचारू?

आता राहिलं ते काम. इंदू गेली त्याच आठवड्यात आत्याबाई आल्या होत्या. माई देवळात गेल्या होत्या म्हणून त्या माझ्याकडे वर आल्या. त्यांच्या हातात कागदात बांधलेलं पुडकं होतं. आत स्वतः शिवलेलं झबलं आणि टोपडं, फिकट पिवळं, कडेला बारीक टाके. म्हणाल्या, "नागपूरच्या बाळासाठी. तुम्ही हाताच्या चोख आहात. कोणी जाणारं भेटलं तर पाठवा, नाहीतर पोस्टानं." मी घेतलं. नंतर भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलंही, मी म्हटलं, पाठवते.

नागपूरचा पत्ता माझ्याजवळ आहे. पोस्ट आमच्या नाक्यावरच आहे. पुडकं कपाटात वरच्या फळीवर आहे, बांधलेलं, वर नाव घालायचं तेवढं बाकी आहे.